नांगर न फिरलेली जमीन

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या शेवटच्या टेकड्या जिथे वर्धा नदीकडे उतरू लागतात तिथे, आष्टी हे गाव आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षकांना ते १६ ऑगस्ट १९४२ या तारखेमुळे ठाऊक असते. त्या नागपंचमीला पोलीस ठाण्यावर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसे मेली, आणि गावाच्या नावापुढे ‘शहीद’ हा शब्द कायमचा लागला. पण या गावात मृतांची त्याहून जुनी आठवणही उभी आहे. मोगल धाटणीचे दोन मकबरे इथे आहेत. एक नवाब मोहम्मद खान नियाझी यांचा आणि दुसरा, त्याहून साधा, नवाब अहमद खान यांचा. पहिल्या मकबऱ्याचे काम इतके देखणे आहे की अशा आडवळणाच्या मुलखात ते कुठून आले, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटियरकारांनाही तो पडला होता.

मोहम्मद खान हे अकबर आणि जहांगीर या दोघांच्या पदरी असलेले अफगाण सरदार. जहांगीराने त्यांना आष्टी आणि आसपासचे परगणे जहागीर म्हणून दिले. हिजरी १०३७ मध्ये ते वारले. अहमद खान वारले ते हिजरी १०६१ मध्ये. (वर्गात करून घेण्याजोगे एक गणित येथेच सांगून टाकतो. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून हिजरी सनाला ३३ ने भागावे, आलेला भागाकार मूळ सनातून वजा करावा आणि त्यात ६२२ मिळवावेत. १०३७ चे १६२७ येते आणि १०६१ चे १६५१. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो, पण कबरीवरचा शिलालेख वाचायला एवढे पुरते.)

मोहम्मद खानांविषयी गॅझेटियर जे सांगते त्यातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. उजाड झालेल्या, रान माजलेल्या या भागात त्यांनी पुन्हा शेती वसवली. म्हणजे रान मोडून जमीन नांगराखाली आणणारा हा माणूस. त्याच्यानंतर चारशे वर्षे हेच काम चालू राहिले, आणि आज आष्टीपासून हिंगणघाटपर्यंत जा, दोन्ही बाजूंना कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागा यांखेरीज सपाटीवर फारसे काही दिसणार नाही. मग या मुलखात नांगर लागण्यापूर्वी काय उगवत होते हे पाहायचे असेल तर जावे कुठे? जंगलात, हे एक उत्तर झाले. पण जंगल टेकड्यांवर उरले आहे आणि टेकडीची माती वेगळी. सपाटीवरच्या जुन्या गवताचे आणि झुडपांचे तुकडे पाहायचे तर जिथे नांगर जात नाही अशी जागा शोधावी लागते. अशा जागा गावागावात असतात, आणि त्या मृतांच्या असतात.

विदर्भात दफनभूमी म्हटली की ती फक्त मुसलमानांची किंवा ख्रिस्ती लोकांची, असा समज असतो. तो बरोबर नाही. गोंड समाजात पुरण्याची चाल जुनी आहे. महानुभावांत पुरतात, लिंगायतांत पुरतात, गोसावी आणि नाथपंथीयांच्या समाध्या असतात, आणि दहन करणाऱ्या घरांतही लहान मूल गेले तर त्याला पुरतात. या प्रत्येक जागेचा नियम एकच: येथे औत घालायचे नाही. काही ठिकाणी गुरेही सोडत नाहीत. हा नियम कोणी निसर्गरक्षणासाठी केलेला नाही, तो मृताच्या मानासाठी आहे. पण गवताला कारणाशी काय देणेघेणे?

याचे सर्वात ठळक उदाहरण आपल्याकडचे नाही, अमेरिकेतले आहे, आणि ते आधी सांगितले तर पुढचे समजायला सोपे जाईल. इलिनॉय राज्यात एकेकाळी सुमारे २.२ कोटी एकर प्रेअरी, म्हणजे माणसाच्या उंचीचे गवताळ रान होते. माती काळी, सुपीक आणि चिकट, अगदी आपल्या कापसाच्या जमिनीसारखी. लाकडी आणि बिडाच्या नांगराला ती चिकटून बसायची. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने त्याच राज्यात पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि पुढच्या दोन पिढ्यांत प्रेअरी संपली. १९७० च्या दशकात शोध घेतला तेव्हा चांगल्या अवस्थेतली प्रेअरी सगळी मिळून अडीच हजार एकरही भरली नाही. जी सापडली तिचे कितीतरी तुकडे रेल्वेच्या कडेला आणि पहिल्या वसाहतकारांच्या दफनभूमींत होते. वेस्टन सिमेटरी नावाची अशी एक जागा जेमतेम पाच एकरांची आहे. नांगर धरणाऱ्यांनी आपली माणसे नांगरण्यापूर्वीच्या जमिनीत पुरली आणि ती जमीन तेवढी राहिली. आज तिथले बी गोळा करून दुसरीकडे प्रेअरी पुन्हा उभी करण्याचे प्रयोग होतात.

आता पुन्हा वर्ध्याकडे येऊ. आपल्या प्रेअरीचा नांगर पोलादाचा नव्हता, तो कापसाच्या भावाचा होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा काढला गेला तो १८६२ मध्ये, याच धामधुमीत. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. या काळात मध्य प्रांत व वऱ्हाड यांच्यासाठी कापूस आयुक्त म्हणून जे. एच. रिव्हेट-कारनॅक हे अधिकारी नेमले गेले. जास्तीत जास्त चांगला कापूस पिकवून तो बंदरापर्यंत पोचवणे हे त्यांचे काम. आणि याच गृहस्थांनी १८६७ मध्ये नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळे उकरून पाहिली, त्यांतली लोखंडी हत्यारे आणि भांडी नोंदवली आणि दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांकडे विद्वानांचे लक्ष वेधले.

शिलावर्तुळे म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकात इथल्या लोकांनी आपले मृत पुरून त्यांवर दगडगोट्यांचा ढीग रचला आणि भोवती मोठमोठ्या शिळांचे कडे केले. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, आपल्या वर्धा जिल्ह्यातले खैरवाडा, अशी ही ठिकाणे आहेत. माणसाबरोबर काही ठिकाणी घोडा पुरलेला सापडला आहे आणि त्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिनेही. डेक्कन कॉलेज आणि नागपूर विद्यापीठ यांच्या वतीने शां. भा. देव यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत केलेल्या उत्खननांमुळे यातले बरेच कळले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते या वर्तुळांचे स्थान. साधारणतः ही दफने मुरमाड, खडकाळ उंचवट्यावर असतात आणि वस्ती काळ्या मातीजवळ, पाण्याजवळ. त्या लोकांनी पिकाची जमीन जिवंत माणसांसाठी ठेवली आणि मुरूम मृतांना दिला. पुढे कापसाची लाट आली तेव्हा काळी माती सगळी गेली आणि मुरूम उरला. म्हणून वर्तुळांच्या आत-बाहेर आजही कुसळी, पवन्या, तिखाडी यांसारखी गवते, पळस, बोर, हिवर यांसारखी झाडे दिसतात. हे गवत अडीच हजार वर्षांपूर्वीचेच आहे असा दावा आम्ही करणार नाही. मधल्या काळात चराई झाली, वणवे लागले. पण मुळे उपटली गेली नाहीत, आणि बहुवर्षायू गवताच्या बाबतीत तीच गोष्ट निर्णायक असते.

या वर्तुळांनी विज्ञानाचा एक बळीही घेतला आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होते. शिकवणे हा त्यांचा व्यवसाय आणि दगड फोडणे हा छंद. नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांतून त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी अश्मीभूत फळे, बिया आणि शिंपले काढले. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्याची तळी होती आणि त्यांच्याकाठी झाडे होती, हे त्यावरून कळू लागले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना, संध्याकाळच्या वेळी, पुराने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

दफनभूमीतल्या वनस्पतींना इतिहासाचे साधन म्हणून वापरता येते का? येते, पण एकाच दिशेने. एखादी वनस्पती परदेशातून आली असेल आणि तिच्या येण्याचा काळ ठाऊक असेल, तर ‘ही इथे अमुक काळाच्या आधी असणे शक्य नाही’ एवढे नक्की म्हणता येते. आष्टीच्या मकबऱ्यासारख्या वास्तूसमोर उभे राहून विद्यार्थ्यांना विचारावे: १६२७ मध्ये इथे काय दिसले असते? गुलमोहर नक्की नाही. तो मादागास्करचा आणि आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. घाणेरी, जिला आपल्याकडे रायमुनिया म्हणतात, तीही नाही. ती अमेरिकेची, आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. गाजरगवत तर कालचे पोर. त्याचा बोभाटा झाला १९५५ च्या सुमारास, पुण्यात. ही तीन वजा केली की चित्र बरेच बदलते.

चाफ्याची गंमत वेगळी. कबरस्तान, चर्च, देऊळ, तिन्हीकडे असणारा हा पांढरा चाफा मध्य अमेरिकेचा आहे. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी तो इथे असणे अवघड. पाने झडल्यावरही नुसत्या खोडावर फुलतो, तोडलेली फांदी रोवली तर जगते, गुरे त्याच्या चिकामुळे तोंड लावत नाहीत. जिथे रोज पाणी घालायला कोणी नसते अशा जागेला याहून चांगले झाड कोणते? आमच्या मते श्रद्धा मागाहून आली, आधी चीक आला. सीताफळही अमेरिकेचेच, आणि पडक्या चुनेगच्ची बांधकामांच्या आसऱ्याने ते किती मजेत वाढते हे विदर्भात आणि मराठवाड्यात कुणीही पाहावे. चिंचेचे मूळ घर आफ्रिका, पण ती इतक्या जुन्या काळी आली की अरबांनी तिला ‘हिंदचे खजूर’ असे नाव दिले, आणि इंग्रजीतले टॅमरिंड त्यावरूनच झाले. गोरखचिंचही आफ्रिकेची. दख्खनच्या आणि माळव्याच्या जुन्या दर्ग्यांजवळ, किल्ल्यांजवळ तिचे अजस्र खोड भेटते. कबरीवर लावला जाणारा सब्जा मात्र आपल्या तुळशीचाच सख्खा भाऊ. त्याच्या बिया पाण्यात टाकल्या की भोवती चिकट आवरण फुगते. फालुद्यात आपण ते खातो आणि रुजणाऱ्या बीला त्यामुळे ओल धरून ठेवता येते.

मातीतही एक नोंद राहते. हाडांत आणि ऊतींत फॉस्फरस असतो. तो मातीतल्या कॅल्शियम, लोह आणि ॲल्युमिनियम यांच्याशी घट्ट बांधला जातो आणि पावसाने सहज धुऊन जात नाही. शतकानुशतके टिकतो. स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियस हे १९३० च्या सुमारास शेतजमिनीतल्या फॉस्फेटचे मोजमाप करत होते, तेव्हा जुन्या वस्त्यांच्या जागी ते जास्त भरते हे त्यांच्या लक्षात आले, आणि पुरातत्त्वज्ञांना खोदण्यापूर्वी जागा हेरण्याची एक रीत मिळाली.

प्राण्यांविषयी थोडे. मकबऱ्याचा घुमट म्हणजे वटवाघळांच्या दृष्टीने एक गुहाच. नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या शास्त्रज्ञांत एत्येन जोफ्रॉय सँ-इलेर हे प्राणिशास्त्रज्ञ होते. थडग्यांत राहणाऱ्या वटवाघळांच्या प्रजातीला त्यांनी १८१८ मध्ये टॅफोझोअस हे नाव दिले. ‘टॅफोस’ म्हणजे ग्रीक भाषेत थडगे. या प्रजातीतल्या काही जाती भारतातही आहेत आणि जुन्या किल्ल्यांच्या, मकबऱ्यांच्या भिंतींच्या फटींत दिवसा लटकलेल्या असतात. त्या कीटक खातात. घुबड, पिंगळा यांनाही ढोलीचे जुने झाड आणि रात्रीची शांतता इथे मिळते, आणि मग त्यांच्याविषयीच्या भीतीच्या कथा तयार होतात. तडसाची कथा मात्र अगदीच बिनबुडाची नाही. तडस मृत जनावरावर जगणारा प्राणी आहे आणि उथळ पुरलेले उकरतो. म्हणून ताज्या कबरीवर दगड आणि बाभळीच्या काट्या ठेवण्याची चाल पडली. काट्यांच्या आडोशाला बोराचे, हिवराचे रोप गुरांपासून वाचते. एक झाड असे वाढले की त्याखाली पाखरे बसतात आणि पुढची झाडे तीच लावतात.

आता आमच्या हातून झालेल्या एका चुकीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही एका महाविद्यालयाच्या श्रमदान शिबिरात मार्गदर्शक म्हणून गेलो होतो. सप्टेंबरचा महिना. गावच्या जुन्या कबरस्तानात कमरेएवढे गवत होते. पन्नास-साठ विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत ते मुळासकट उपटले, कुदळीने जमीन साफ केली, ढीग लावून जाळले. जागा आरशासारखी झाली आणि आम्हालाही अभिमान वाटला. राखणदार चाचा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, आमी हे गवत दिवाळीनंतर विळ्यानं कापतो. आता बी पडलंच नाई, तं पुढच्या साली काय उगवन?” आम्ही डॉक्टरेट मिळवलेले, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते.

पुढच्या पावसाळ्यात उगवले ते गाजरगवत. त्याचे एक झाड हजारो बिया टाकते आणि उकरलेली, उघडी जमीन त्याला फार आवडते. दाट गवताच्या गालिच्यात त्याला शिरकाव मिळत नाही. तो गालिचा आम्हीच काढून दिला होता. तीन वर्षे आम्ही दर पावसाळ्यात तिथे जाऊन फुलावर येण्यापूर्वी गाजरगवत उपटत राहिलो, आणि चाचांच्या सांगण्यावरून जवळच्या माळावरून कुसळीचे, मारवेलचे बी आणून टाकले. कुसळी परत आली. पूर्वी तिथे जांभळ्या फुलांची एक बारीक वेल असायची, असे चाचा सांगत. ती आली नाही. ती कोणती होती हे उपटण्यापूर्वी पाहून ठेवायला हवे होते.

कुसळीचे बी मात्र वर्गात जरूर न्यावे. त्याचे लांब कुसळ पिळलेल्या दोरीसारखे असते. त्यावर पाण्याचा एक थेंब टाकला की पीळ उलगडू लागतो आणि कुसळ गोल फिरते. वाळले की पुन्हा पीळ बसतो. दिवसाच्या उन्हाने आणि रात्रीच्या दवाने असे फिरत फिरत ते टोकदार बी स्वतःला जमिनीत रोवून घेते. म्हणूनच चाचांचा ‘दिवाळीनंतर’ बरोबर होता. तोवर बी पिकून झडलेले असते, आणि मग कापलेल्या गवताबरोबर ते निघून जात नाही.

घुमटावरच्या पिंपळाचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे आमची बाजू झाडाची नाही. पिंपळाचे, वडाचे, उंबराचे फळ पाखरू खाते, त्याची विष्ठा घुमटाच्या भेगेत पडते. चुन्याच्या दर्जांत ओल टिकते आणि बी रुजते. सुरुवातीला दोन पाने दिसतात तेव्हा कोणी लक्ष देत नाही. मूळ मात्र दर्जेतून आत शिरून जाड होत जाते आणि दगड एकमेकांपासून सरकवते. वरची फांदी तोडून काही होत नाही. उरलेल्या मुळातून जोमाने नवे कोंब फुटतात आणि मूळ पोसतच राहते. दोन पानांचे असतानाच ते काढले पाहिजे, आणि मोठे झाले असेल तर पुरातत्त्वाच्या जाणकाराशिवाय हात लावू नये, कारण कधीकधी तेच मूळ सुटे दगड धरून बसलेले असते. तात्पर्य काय, की घुमटावरचे झाड आणि जमिनीवरचे गवत यांना एकच नियम लावता येत नाही. सफाईच्या कंत्राटात बहुधा नेमके तेच होते: खालचे गवत तणनाशकाने मारतात आणि वरचा पिंपळ शिडी नाही म्हणून राहतो.

दगडांवरची दगडफुलेही अशीच सफाईत घासली जातात. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे एकत्र बिऱ्हाड, आणि त्याची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या भागांत मोजावी लागते. ऑस्ट्रियाचे रोलांड बेशेल यांनी १९५० च्या सुमारास यावरून कालमापनाची पद्धत मांडली. थडग्याच्या दगडावर सन कोरलेला असतो, म्हणजे तो दगड उघड्यावर केव्हा आला हे ठाऊक असते. त्यावरच्या सर्वात मोठ्या दगडफुलाचा व्यास मोजला की वाढीचा वेग मिळतो, आणि तो वेग वापरून हिमनदीने मागे टाकलेल्या, कोणताही सन नसलेल्या दगडांचे वय काढता येते. हवामान बदलले की वेग बदलतो, म्हणून आल्प्समधला आकडा विदर्भात चालणार नाही. इथला इथेच काढावा लागेल. कामठीच्या छावणीतली इंग्रजी थडगी आणि हिजरी सन कोरलेल्या कबरी, दोन्ही त्यासाठी उपयोगी आहेत. लागते ती एक पट्टी, एक वही आणि मुतवल्ली किंवा चर्चचे पाद्री यांची आधी घेतलेली परवानगी. दगडाला हात न लावता मोजावे, अक्षरे उठावीत म्हणून खडू किंवा कोळसा फासू नये, आणि पावसाळ्यात गवतात पाय टाकण्यापूर्वी काठी आपटावी. एकाच दगडाची नोंद दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच बाजूने घेतली, तर आठवीतल्या मुलांनी सुरू केलेली वही ती मुले शाळा सोडून गेल्यावरही पुढच्या वर्गाला चालवता येते.